पट्टा गळ्यात आहे, पण दोरी कुणाच्या हातात?

"काय करत नाही ओ आमचं, तुम्ही बिनधास्त जावा."

सोलापुरात सकाळी फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. मी ते ऐकवणाऱ्यांपैकी. होम मैदानावर सहाच्या सुमाराला काठी टेकत आजोबा यायचे, आमची चिंगी कान टवकारायची आणि मी दहा पावलांवरून हे वाक्य त्यांच्याकडे फेकायचो. चिंगी म्हणजे कारवान जातीची कुत्री, थोडी मिसळ. सांगोल्याकडच्या नातेवाइकांनी ओंजळीत मावेल एवढी असताना दिली, म्हणून हे नाव. आता ती मागच्या पायांवर उभी राहिली तर माझ्या छातीला लागते. गळ्यात लाल पट्टा असायचा आणि साखळी माझ्या खांद्यावर. माझ्या हिशेबाने काम झालेलं होतं. पट्टा आहे म्हणजे पाळलेलं, आणि पाळलेलं म्हणजे गरीब.

हा घोळ थोडा आपल्या भाषेनेही घातलाय. गळ्यात बांधतो तोही पट्टा आणि हातात धरतो त्या दोरीलाही आपण पट्टाच म्हणतो. "पट्टा लावलाय की!" म्हटलं की नेमकं काय लावलंय हे कळत नाही. कायद्याचं लक्ष मात्र दोरीच्या दुसऱ्या टोकावर असतं. ते टोक कुणाच्या हातात आहे, आणि त्या हाताला कुत्रं आवरतं का, एवढंच तो विचारतो.

मला हे कळलं एका जानेवारीत. होम मैदानावर गड्ड्याची यात्रा सुरू होती, म्हणून मैदान सोडून आम्ही जुळे सोलापुरात घराजवळच फिरत होतो. साखळी त्या दिवशी हातात होती, हे मुद्दाम सांगतो. कुणीतरी फटाका लावला. चिंगीने मान खाली घातली, दोन पावलं मागे सरकली, आणि पट्टा डोक्यावरून सुळकन निघाला. माझ्या हातात साखळी, साखळीला पट्टा, पट्ट्यात कुणी नाही. ती जी सुटली ती क्लासहून घरी निघालेल्या मुलीच्या सायकलीला धडकली. मुलगी पडली, कोपर सोललं, चष्म्याची काडी मोडली. चिंगी चावली नाही. उलट घाबरून तिच्याच सायकलीखाली लपली.

संध्याकाळी मुलीचे वडील आले. आवाज चढवला नाही, पण एक प्रश्न विचारला, "चावली नाही म्हणून काय झालं, काहीच झालं नाही का?" मी चष्मा करून दिला, माफी मागितली. प्रश्न डोक्यातून गेला नाही. दुसऱ्या दिवशी वकिली करणाऱ्या मित्राकडे गेलो. त्याच्या ओट्यावर दोन तास बसून जे समजलं, आणि नंतर वाचून जे पक्कं केलं, ते इथे मांडतोय.

तर पहिली गोष्ट. "कुत्र्याला दोरी लावा" एवढंच सांगणारा एक सुटा, देशभराचा कायदा आपल्याकडे नाही. परदेशात अनेक शहरांत असा नियम असतो, दोरी किती फुटांची हेही लिहिलेलं असतं. आपल्याकडे तीच गोष्ट चार-पाच कायद्यांत विखुरलेली आहे. एक कायदा माणसाचा जीव बघतो, दुसरा रस्त्यावरची शिस्त, तिसरा कुत्र्याचे हाल, चौथा महापालिकेचा कारभार. म्हणून सगळ्यांना वाटतं की नियमच नाही. चारही एकावर एक ठेवून बघितलं की नियम दिसतो, आणि बराच कडक दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचं कलम भारतीय न्याय संहितेतलं, २९१. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी ही संहिता आली, त्याआधी हेच कलम २८९ क्रमांकाचं होतं. आशय असा: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जीवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असेल, आणि ती टाळायला पुरेल इतकी काळजी तुम्ही जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर तो गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कलमात दंड हजार रुपयांपर्यंत होता.

यातले तीन शब्द माझ्या मित्राने पेन्सिलीने अधोरेखित करून दाखवले. पहिला "ताब्यातल्या". मालकी कुणाची हे इथे विचारलेलं नाही. कुत्रं मामाचं असेल, पण आज तुम्ही फिरवायला आणलंय, तर आज ते तुमच्या ताब्यात. पगारी माणूस फिरवत असेल तर प्रश्न त्यालाही आहे आणि झेपत नसताना त्याच्या हाती कुत्रं देणाऱ्यालाही विचारला जाईल. दुसरा शब्द "संभवत". म्हणजे प्रत्यक्ष चावा व्हायलाच पाहिजे असं नाही. मुलीच्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं इथे मिळतं. आणि तिसरा "पुरेल इतकी". काळजी घेतली का, यावर कायदा थांबत नाही, ती पुरेशी होती का हे बघतो. दहा वर्षांच्या पोराच्या हातात लॅब्रॅडोरची साखळी दिली, तर साखळी आहेच. पण वीस-तीस किलोचं जनावर मांजर बघून उडी मारतं तेव्हा पोराचं काय होतं हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

प्रत्यक्ष इजा झाली तर २९१ सोबत १२५ वं कलम येऊ शकतं. दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात येईल असं बेदरकार किंवा निष्काळजी कृत्य, असा त्याचा विषय. साधी दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत, गंभीर झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हाड मोडलं तर ती कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत. सत्तरीतल्या माणसाच्या अंगावर कुत्रं प्रेमाने उडी मारतं, माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं. एक दात न लागताही प्रकरण तिथवर जातं.

"अहो पण असल्या केसेस होतात कुठे?" मीही विचारलं. होतात. २०१० मध्ये मुंबईत नेपियन सी रोडवर गाडीपाशी उभ्या दोघांची बाचाबाची चालली होती आणि एकाचा रॉटवायलर गाडीत होता. मालकाने दार उघडलं, कुत्र्याने समोरच्या ज्येष्ठ नागरिकाला चावे घेतले. गिरगावच्या न्यायालयाने २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. तेरा वर्षं लागली, आपल्या न्यायालयांचा वेग आपल्याला ठाऊक आहे. पण सुनावली.

दुसरं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. वरळीतली इमारत, साल २०१८, लिफ्ट. आत शेजारी, सोबत त्याचं लहान मूल. कुत्र्याला आत आणू नका, मूल घाबरतं, असं त्याने सांगितलं. मालकाने ओढत कुत्र्याला आत घेतलं आणि ते शेजाऱ्याला चावलं. २०२५ च्या मे महिन्यात न्यायालयाने मालकाला चार महिन्यांची शिक्षा दिली. इथे कुत्रं सुटलेलं नव्हतं, मालकाच्या हातातच होतं. नको तिथे त्याला ओढत नेणं हाच दोष ठरला, आणि कुत्र्याला कसं ओढलं हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. "लावलंय की" हे उत्तर तिथे पुरलं नाही.

आता रस्त्याकडे वळू. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, ज्याला आधी मुंबई पोलीस अधिनियम म्हणत. रस्त्यात किंवा सार्वजनिक जागी हिंस्र कुत्रं मुसक्याशिवाय मोकळं सोडू नये, कुत्रं कुणाच्या अंगावर छू करू नये, हलगर्जीपणाने जनावर मोकळं सोडून लोकांना भीती किंवा त्रास देऊ नये, हे त्यात स्पष्ट आहे. मुसकं म्हणजे काय हे सोलापूर जिल्ह्यात समजावून सांगायला नको. मळणीला बैलांच्या तोंडाला बांधायचे, तेच.

याच अधिनियमात आणखी एक तरतूद आहे आणि ती वाचताना मला मजा वाटली. पोलीस आयुक्तांना जाहीर नोटीस काढून असा आदेश देता येतो की, रस्त्यावरचं जे कुत्रं कुणी धरून नेत नसेल त्याला मुसकं असलंच पाहिजे. मुसकंही कसं, तर चावता येऊ नये, पण श्वास घेता यावा आणि पाणी पिता यावं. म्हणजे ७० वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्याच्या मनात हिशेब सरळ होता: एक तर माणसाने धरा, नाहीतर तोंड बांधा. आणि नोटीस लागू असताना पोलिसांनी मोकळं कुत्रं पकडलं, पण गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता कोरलेला असेल, तर त्याला लगेच मारायचं नाही, मालकाला कळवायचं. गळ्यातल्या पट्ट्याला कायद्यात खरी किंमत मिळाली आहे ती इथे, नावपत्त्यापुरती. (मारण्याची भाषा त्या काळाची. आज भटक्या कुत्र्यांचा कारभार निर्बीजीकरण आणि लसीकरणाच्या नियमांनी चालतो.)

मुसक्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. बाजारात कापडी, तोंड आवळून बंद करणारी मुसकी मिळतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो. कुत्र्याचं अंग घामाने गार होत नाही, जीभ काढून धापा टाकण्यानेच होतं. तोंड आवळलेलं कुत्रं उन्हात फिरवणं म्हणजे कुकरची शिट्टी दाबून धरणं. जाळीचं, टोपलीसारखं मुसकं घ्यावं, त्यात तोंड उघडतं, पाणीही पिता येतं. आणि प्रत्येक पाळीव कुत्र्याला मुसकं बांधाच, अशी सक्ती सोसायटीने करू नये, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दोरी मात्र सामाईक जागेत हवी, आणि घाण केली तर उचलावी, हेही त्याच सूचना सांगतात. आपल्या सोयीचं तेवढं वाचायचं, ही सवय दोन्ही बाजूंना आहे.

सोसायट्यांचं थोडक्यात. इमारतीत कुत्रं पाळायचंच नाही, असा ठराव बहुमताने केला तरी तो टिकणारा नाही. लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. बागेत कुत्र्यांना सरसकट बंदी घालण्यापेक्षा वेळा ठरवून घ्याव्यात, असं मंडळ सुचवतं. हे आमच्याकडे सगळ्यात चांगलं चाललं. सकाळी साडेसहाच्या आत कुत्रीवाले, नंतर पोरं आणि ज्येष्ठ. कुणीही कायदा काढला नाही.

आता उलटी बाजू, कारण कायदा दोरी कुत्र्याच्या बाजूनेही बघतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम आहे. त्याच्या ११ व्या कलमात क्रूरतेची यादी आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं ही क्रूरता. कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणं हीसुद्धा. कारण नसताना सोडून देणं हीसुद्धा.

आमच्या भागात बंगल्यांच्या फाटकाला कुत्रं दिवसभर दीड हात साखळीला आणि रात्री अकराला फाटक उघडून मोकळं, ही पद्धत सर्रास आहे. "रात्री सोडतो की, फिरून येतंय आपलं आपण." दिवसा बांधलेलं, माणसाला न सरावलेलं, चिडकं जनावर रात्री रिकाम्या रस्त्यावर. पहाटे दूधवाला येतो, पेपरवाला येतो, दुसऱ्या पाळीचे कामगार अक्कलकोट रोडवरून सायकलवर परत निघालेले असतात. एकाच घरात चोवीस तासांत दोन्ही कायदे मोडून होतात, दिवसा १९६० चा आणि रात्री २९१ कलम. १९६० च्या अधिनियमाखाली पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. पन्नास रुपयांत आज सात रस्ता चौकात दोघांचा चहा-भजी होईल का, शंका आहे. म्हणून लोक हसतात. न्याय संहितेचं ३२५ वं कलम मात्र हसण्यासारखं नाही. प्राण्याला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शेजाऱ्याचं कुत्रं भुंकतं म्हणून बिस्किटात काही घालणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

महापालिकेचं काय? सोलापूर महापालिका १९६४ ची, आणि तिचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्यात महापालिकेला जे कर लावता येतात त्यांच्या यादीत कुत्र्यांवरचा करही आहे. थट्टा नाही, नाट्यगृहावरच्या कराच्या शेजारी बसलाय. उपविधी करायचा अधिकारही तिला आहे. पाळीव कुत्र्याची नोंद, परवाना, त्याचं शुल्क हे महापालिकेच्या पातळीवर ठरतं, म्हणून पुण्याच्या मेहुण्याने सांगितलेली रक्कम इथे चालत नाही. महापालिकेच्या कार्यालयात जाऊनच विचारावं. सोबत रेबीज लसीचं कार्ड न्यावं. चिंगीचं कार्ड आता गाडीच्या डिकीतल्या कागदांतच असतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली रेबीज लस, पुढे पशुवैद्य सांगतील तसा बूस्टर आणि मग दरवर्षी.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विषय वेगळा, पण लोक तो यातच कालवतात. गल्लीतलं कुत्रं दोरीला नसणारच. त्यांच्यासाठी केंद्राचे प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ आहेत. पकडा, नसबंदी करा, लस द्या, कानाला खाच द्या, जिथून उचललं तिथेच सोडा, असा त्यांचा गाभा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच सूत्र ठेवलं, मात्र रेबीज झालेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री परत सोडू नयेत असं सांगितलं. रस्त्यात कुठेही खायला घालू नये, त्यासाठी प्रभागनिहाय जागा ठरवाव्यात, असंही. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत, परत तिथेच सोडू नयेत, असं ठरलं. आपल्या नकाशावर मांडायचं तर सिव्हिल हॉस्पिटल, एस.टी. स्टँड, स्टेशन, पार्क स्टेडियम. आपण ज्याला "ते स्टँडवरचं पांढरं" म्हणतो, त्याचा पत्ता या आदेशाने बदलतो. तक्रार कुठे करायची याचा ठोकताळाही यातूनच निघतो. भटक्या कुत्र्याबद्दल महापालिका, पाळलेल्या कुत्र्याच्या मालकाबद्दल पोलीस ठाणं.

जातींवर बंदी आली म्हणतात, तेही एकदा बघून घेऊ. १२ मार्च २०२४ ला केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं होतं, पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा म्हणून. त्याच एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. २९१ कलमात जातीचं नाव नाही. पामेरियन चावलं तरी कलम तेच.

आमच्या भागापुरती एक गोष्ट मात्र जातीशी बांधलेली आहे. कारवान हे आपल्या मुलखाचं कुत्रं. सोलापूर, लातूर, सांगली, खाली मुधोळपर्यंत. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. हे नजरेने शिकार करणारं कुत्रं आहे. लांबवर काही हललं की कान बंद होतात, मग नाव घेऊन कितीही ओरडा. पिढ्यान्‌पिढ्या सशामागे सोडायला पाळलेलं जनावर ते, त्याचा दोष नाही. अशा कुत्र्याला माळावर मोकळं सोडण्याची हौस अनेकांना असते. बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे, माळढोकाचं अभयारण्य. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. त्या गवतात काळवीट, लांडगे, खोकड, भुईवर घरटी करणारे पक्षी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या वाचली की अंगावर काटा येतो. मारणं तर शिकार आहेच, पण पाठलाग करणं, हाकणं, आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा शिकारच. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं कैद आहे. "कुत्रंच पळालं साहेब" हे तिथे कितपत ऐकतील, तुम्हीच ठरवा. ससा लहान म्हणून सुटतो असंही नाही.

आणि याच जातीच्या अंगकाठीत माझ्या जानेवारीच्या प्रसंगाचं मूळ होतं. इतर कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा मोठं असतं, म्हणून पट्टा अडकून राहतो. कारवानाची मान जवळपास डोक्याइतकीच जाड. घाबरून मागे सरकलं की साधा पट्टा निघणारच. "पट्ट्याखाली दोन बोटं जावीत" हा सर्वांना सांगितलेला नियम यांना पुरत नाही. यांच्यासाठी ओढ बसली की थोडा आवळणारा, पण गळा न घोटणारा रुंद पट्टा येतो, नाहीतर छातीवरून बांधायचा हार्नेस. मी आता दोन्ही लावतो. दोरी साधी, कापडी, पाच फुटी. बटण दाबलं की वीस फूट लांबते ती नको. मोकळ्या माळावर ठीक, पण नवी पेठेतल्या गर्दीत कुत्रं एका बाजूला, आपण दुसऱ्या आणि मधल्या दोरीत रिक्षा, हे मी बघितलंय. दोरीचा फास मनगटात घालून मूठ बंद करायची. बोटाला गुंडाळायची नाही, झटका बसला तर बोट जातं. सकाळी आठनंतर उन्हाळ्यात फिरणं बंद. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर त्याच्या पंजालाही टेकवत नाही.

रेल्वेनं नेणार असाल तर साध्या डब्यात कुत्रं चालत नाही. फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे आपल्या नावावर हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीतून. ती पेटी मी एकदा बघितली आणि पुण्याला गाडीनेच गेलो.

शी उचलण्याबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण वाद निम्मे त्यावरूनच. घरून निघताना खिशात जुन्या पेपरची चार पानं ठेवायची, झालं. मैदानात अनवाणी खेळणाऱ्या पोरांच्या पायांतून कुत्र्याच्या आतड्यातल्या जंतांच्या अळ्या आत शिरतात, हे आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून माझा संकोच गेला.

आणि एवढं करून चावलंच तर? जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते तेव्हा कळतं. मिरचीपूड नाही, चुना नाही, हळद नाही, घट्ट पट्टी नाही. मग तडक दवाखाना. आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय म्हणजे सिव्हिल आहे, सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मिळते. लशीचे डोस ठरलेल्या तारखांनाच घ्यायचे, बरं वाटतंय म्हणून तिसऱ्या डोसाला दांडी मारायची नाही. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत भरायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते आठवणीने विचारायचं. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की जवळपास कुणी वाचत नाही. कुत्रं पाळलेलं असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची. दहा दिवसांनंतरही ते ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. पण लस सुरू करायला त्या दहा दिवसांची वाट बघायची नाही. इथे मालकाचं एक काम असतं जे कुठल्याच कलमात नाही. पळून न जाणं. लसीचं कार्ड घेऊन समोर उभं राहणं, दहा दिवस रोज फोन करून "आमचं खातंय-पितंय" म्हणून सांगणं. समोरच्या घरात त्या दहा रात्री कशा जातात, ते त्या मुलीच्या वडिलांच्या चेहऱ्यावर मी थोडं बघितलं होतं, आणि तिथे तर दातही लागला नव्हता.

त्यानंतर मी पितळी बिल्ला करून घ्यायला गेलो. कोरणाऱ्याने बिल्ला चिमट्यात धरला, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"नाव कुणाचं घालू? कुत्र्याचं?"

"माझं घाला," म्हटलं, "आणि पत्ता."

"कुत्र्याचं नको?"

"तिचं नको. ती कुठं फोन उचलतीय?"

तो हसला आणि माझं आडनाव कोरायला लागला.